आकाशगंगा, काजवे आणि शहराचे दिवे: रात्रीच्या छायाचित्रणात सेटिंग्ज कशी ठरवावीत

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्याकडे २४ मेगापिक्सेलचा क्रॉप सेन्सरचा (३५ मिमी फिल्मपेक्षा लहान सेन्सरचा) कॅमेरा, त्यासोबत आलेली १८-५५ मिमी एफ/३.५-५.६ ही किट लेन्स आणि ५० मिमी एफ/१.८ अशी साधने आहेत. मे महिन्याच्या अमावास्येच्या सुमारास भंडारदऱ्याला आकाशगंगेचे आणि जूनच्या सुरुवातीला त्याच परिसरात काजव्यांचे फोटो काढायचे आहेत. सरावासाठी पुण्यातल्या घराच्या गच्चीवरून शटर ३० सेकंद, ॲपर्चर (लेन्सचे छिद्र; एफचा आकडा लहान तितके ते मोठे) एफ/३.५ आणि आयएसओ (आलेला संकेत किती मोठा करायचा तो आकडा) ३२०० असे आकडे वापरले, तेव्हा आकाश नारिंगी आले आणि ताऱ्यांच्या बारीक रेघा उमटल्या. मग बरोबर आकडे कोणते, आणि नवी लेन्स घ्यावी का, असे त्यांनी विचारले आहे.

आकडे मी पुढे देणारच आहे, परंतु ते कुठून येतात हे समजले नाही तर ते दुसऱ्याच रात्री निरुपयोगी ठरतात. शटर उघडल्यानंतर प्रकाश सेन्सरच्या एकाच जागी किती वेळ पडत राहणार आहे, हा प्रश्न कॅमेऱ्याला हात लावण्यापूर्वी विचारावा. रोषणाई केलेली इमारत जागची हलत नाही, त्यामुळे शटर जितका वेळ उघडे राहील तितका तिचा प्रकाश त्याच पिक्सेलवर साठत जातो. तारा हळूहळू सरकतो. काही सेकंदांनंतर त्याचा प्रकाश शेजारच्या पिक्सेलवर पडू लागतो आणि त्यापुढे शटर कितीही वेळ उघडे ठेवले तरी तारा अधिक उजळ होत नाही, फक्त लांब होतो. काजवा, वीज आणि फटाका यांचा प्रकाश तर क्षणभराचाच असतो. तिथे शटरचा वेळ वाढवल्याने चमक वाढत नाही, चमकांची संख्या वाढते. म्हणजेच पहिल्या प्रकारात शटर उजेड ठरवते, दुसऱ्यात ते ताऱ्याचा आकार ठरवते आणि तिसऱ्यात ते केवळ मोजणी ठरवते. पुढचे सगळे निर्णय यातूनच निघतात, आणि 'रात्रीची सेटिंग्ज' म्हणून एकच त्रिकूट फिरवणारे सल्ले इथेच फसतात.

आता आकाशगंगा. खगोल विषुववृत्तावरचा तारा दर सेकंदाला १५ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सरकतो. २४ मेगापिक्सेलच्या क्रॉप सेन्सरवर एका पिक्सेलची रुंदी साधारण ३.९ मायक्रॉन असते, आणि १८ मिमीच्या लेन्सने पाहिले तर तो एक पिक्सेल आकाशातल्या सुमारे ४५ विकला व्यापतो. म्हणजे तीन सेकंदांत तारा एक पिक्सेल ओलांडतो आणि ३० सेकंदांत दहा. गच्चीवरच्या फोटोत ज्या रेघा दिसल्या त्या याच दहा पिक्सेलच्या आहेत. ५०० भागिले फोकल लेन्थ (लेन्सचा मिमीमधील आकडा) हा फिल्मच्या काळापासून चालत आलेला नियम आपल्या कॅमेऱ्यासाठी (१८ गुणिले क्रॉप सेन्सरचा गुणक १.५, म्हणजे २७ मिमी धरून) १८ सेकंद देतो. त्या काळी तो पुरेसा होता, पण आजच्या सेन्सरवर फोटो मोठा करून पाहिला की तारे लांबट दिसतात. मी एनपीएफ नावाचे सूत्र वापरतो. ॲपर्चरच्या आकड्याला ३५ ने गुणावे, पिक्सेलच्या मायक्रॉनमधील रुंदीला ३० ने गुणावे, दोन्हींची बेरीज करावी आणि तिला खऱ्या फोकल लेन्थने भागावे. १८ मिमी आणि एफ/३.५ साठी उत्तर साधारण १३ सेकंद येते. ध्रुवताऱ्याजवळचे तारे फार हळू सरकत असल्याने उत्तरेकडे याहून दुप्पट वेळही चालतो, पण आकाशगंगेचा गाभा दक्षिणेला असतो आणि तिथे ही सवलत जवळपास मिळत नाही.

ॲपर्चरचा निर्णय सोपा आहे: किट लेन्सवर १८ मिमीला जे सर्वांत मोठे मिळते ते, म्हणजे एफ/३.५. झूम किंचितही फिरला तर ते आपोआप लहान होऊ लागते, म्हणून झूमची कडी १८ वर ठेवून कागदी चिकटपट्टी लावून टाकावी.

आयएसओ शेवटी ठरवावा, कारण आयएसओ वाढवल्याने कॅमेऱ्यात एक कणही जास्त प्रकाश येत नाही. जो प्रकाश आला त्याचा विद्युत संकेत फक्त मोठा केला जातो. फोटोतला नॉइज (दाणेदारपणा) मुख्यतः कमी प्रकाशामुळे येतो आणि जास्त आयएसओच्या नावावर खपतो. मात्र आयएसओ अगदी कमी ठेवून नंतर संगणकावर फोटो उजळवणेही बहुतेक कॅमेऱ्यांत, विशेषतः जुन्या कॅमेऱ्यांत, नुकसानीचे ठरते, कारण सेन्सरवरून संकेत वाचताना मिसळणारा नॉइज तिथे जास्त असतो. अंधाऱ्या आकाशाखाली १३ सेकंद आणि एफ/३.५ यांच्याबरोबर आयएसओ ६४०० ठेवावा. हा आकडा पाहून घाबरू नये. दुसऱ्या बाजूची मर्यादाही आहेच: आयएसओ फार वाढवला तर तेजस्वी तारे पांढरे फटक होतात आणि त्यांचा रंग नंतर परत आणता येत नाही. वृश्चिकेतली ज्येष्ठा फोटोत तांबूस दिसते की नुसता पांढरा ठिपका दिसते, हे तपासून पाहावे. ती पांढरी दिसत असेल तर आयएसओ एक पायरी खाली आणावा.

खरा उपाय मात्र आयएसओच्या चाकावर नाही. ट्रायपॉड न हलवता याच सेटिंग्जवर लागोपाठ १६ फ्रेम काढाव्यात आणि त्या संगणकावर जुळवून त्यांची सरासरी काढावी. नॉइज फ्रेमच्या संख्येच्या वर्गमुळाच्या पटीत घटतो, म्हणजे १६ फ्रेमनंतर तो एक चतुर्थांश उरतो. विंडोजवर 'सिक्वेटर' हे मोफत सॉफ्टवेअर तारे आणि जमीन वेगवेगळी जुळवून देते. मॅक वापरणारे 'स्टारी लँडस्केप स्टॅकर' वापरतात. आकाशगंगेचा धूसर पट्टा पसरट असल्याने एकूण वेळ वाढेल तसा तो खुलत जातो, तर तारे मात्र छोट्या फ्रेममध्येच टोकदार राहतात. सरासरीच्या पद्धतीत दोन्ही गोष्टी साधतात, त्यामुळे माझ्या मते साध्या लेन्सवर काम करणाऱ्याने महाग लेन्सच्या आधी हे तंत्र शिकावे.

आपली ५० मिमी लेन्स या कामात किट लेन्सपेक्षा कितीतरी सरस ठरू शकते, आणि हे फारसे कोणी सांगत नाही. आकाशाच्या एका ठरावीक तुकड्यातून किती प्रकाश मिळणार हे लेन्सच्या छिद्राच्या प्रत्यक्ष व्यासावर अवलंबून असते. १८ मिमी भागिले ३.५ म्हणजे सुमारे ५ मिमी, आणि ५० मिमी भागिले २ म्हणजे २५ मिमी. एनपीएफ सूत्राने ५० मिमीला एफ/२ वर चारच सेकंद मिळतात. तरीही व्यासाचा वर्ग आणि वेळ यांचा गुणाकार करून पाहिला तर त्याच तुकड्यातून सुमारे सातपट प्रकाश येतो. अडचण एवढीच की क्रॉप सेन्सरवर ही लेन्स आकाशाचा जेमतेम २७ अंश रुंद आणि १८ अंश उंच भाग दाखवते. म्हणून एक तृतीयांश भाग एकमेकांवर येईल अशा १० ते १२ उभ्या फ्रेम काढून पॅनोरमा जोडावा लागतो. एफ/१.८ ऐवजी एफ/२ किंवा एफ/२.२ मी यासाठी सुचवतो की अशा लेन्समध्ये पूर्ण उघड्या ॲपर्चरला कोपऱ्यांतले तारे पंख फुटल्यासारखे दिसतात. थोडे ॲपर्चर कमी केले की ते बरेच आवरतात.

फोकसबद्दल सविस्तर लिहितो, कारण रात्रीचे वाया गेलेले फोटो मी जेवढे पाहिले आहेत, त्यांत आकड्यांपेक्षा फोकसचा दोष कितीतरी अधिक वेळा आढळतो. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नये, आणि किट लेन्सवर बहुधा ती खूण नसतेच. ऑटोफोकस बंद करावा, लाइव्ह व्ह्यू चालू करावा, एखादा तेजस्वी तारा मधोमध आणावा आणि पडद्यावर तो दहापट मोठा करावा. मेमध्ये रात्री नऊच्या सुमारास स्वाती आकाशात चांगली वर आलेली असते, ती या कामाला उत्तम. फोकसची कडी सावकाश फिरवत गेलो की ताऱ्याचा फुगलेला ठिपका लहान होत जातो आणि पुन्हा फुगू लागतो. तो सर्वांत लहान जिथे झाला तिथे परत यावे. त्या जागेच्या आसपास अगदी अंधूक तारेही पडद्यावर एकाएकी उमटतात, ती बरोबर फोकसची खात्रीची खूण. नंतर कडीवर चिकटपट्टी लावावी. काही नव्या लेन्समध्ये फोकस विजेवर चालतो आणि कॅमेरा झोपी गेला की तो विसरला जातो, म्हणून आपोआप बंद होण्याची वेळ वाढवून ठेवावी. रात्र जशी थंड होते तसा फोकस किंचित सरकतो, त्यामुळे तासाभराने पुन्हा तपासावे. १८ मिमी आणि एफ/३.५ वर अनंताला फोकस केला तरी साधारण पाच मीटरच्या पुढचे झाड किंवा खडक पुरेसे स्पष्ट येतात, तेव्हा समोरची जमीन निवडताना हे अंतर लक्षात ठेवावे.

उरलेल्या बाबी थोडक्यात. फोटो रॉमध्येच (सेन्सरची मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल) काढावेत, ट्रायपॉडवर असताना स्टॅबिलायझेशन बंद करावे आणि दोन सेकंदांचा टायमर किंवा रिमोट वापरावा. व्हाइट बॅलन्स (फोटोच्या रंगछटेचे सेटिंग) ऑटोवर न ठेवता ४००० केल्विनच्या आसपास पक्का करावा, म्हणजे सगळ्या फ्रेमचा रंग सारखा राहतो. कॅमेऱ्याच्या पडद्याची चमक अगदी कमी करावी. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना काळपट फोटोसुद्धा त्या पडद्यावर झगझगीत वाटतो आणि घरी आल्यावर निराशा होते. विश्वास हिस्टोग्रामवर (फोटोतल्या उजेडाचा आलेख; डावीकडे काळोख, उजवीकडे उजेड) ठेवावा: त्याचा उंचवटा डावीकडून पाव ते एक तृतीयांश अंतरावर असावा आणि डाव्या कडेला चिकटलेला नसावा.

वेळेचे गणित सेटिंग्जइतकेच महत्त्वाचे आहे. आकाशगंगेचा गाभा धनू आणि वृश्चिक यांच्या सीमेवर, आपल्या पंचांगातल्या मूळ नक्षत्राच्या शेजारी आहे. मेच्या मध्यावर तो रात्री साडेनऊच्या सुमारास आग्नेयेला उगवतो आणि पहाटे पावणेतीनच्या आसपास दक्षिणेला सर्वांत उंच, क्षितिजापासून साधारण ४१ अंशांवर येतो. भंडारदऱ्याहून पश्चिम-नैऋत्येला मुंबई-कल्याणचा उजेड क्षितिजावर दिसतो, म्हणून गाभा आग्नेय ते दक्षिण या भागात असतानाच, म्हणजे साधारण अकरा ते तीन या वेळेत, मुख्य काम उरकावे. त्यानंतर तो नैऋत्येकडे, म्हणजे त्या उजेडाच्या दिशेने झुकू लागतो. मेमध्ये क्षितिजालगतची हवा दमट आणि धुरकट असते, त्यामुळे गाभा वीस-पंचवीस अंश वर येईपर्यंत थांबणे फायद्याचे. अमावास्या नेमकी साधली नाही तरी बिघडत नाही. शुद्ध चतुर्थीच्या सुमारास चंद्र दहाच्या आगेमागे मावळतो, त्याआधी त्याच्या मंद उजेडात डोंगर आणि पाणी यांची फ्रेम काढून ठेवता येते आणि मग पूर्ण अंधारात आकाश मिळते. चंद्राने जमिनीवर टाकलेला उजेड टॉर्चच्या उजेडापेक्षा नेहमीच सुंदर असतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

गच्चीवरच्या नारिंगी आकाशाचे कारण आता लक्षात येईल. शहराचा उजेड हवेतल्या धुळीवर आणि बाष्पावर पसरून आकाश झाकून टाकतो आणि तो पहिल्या प्रकारचा, म्हणजे सतत साठत जाणारा प्रकाश आहे. ३० सेकंदांत तो इतका साठला की तारे त्यात बुडाले. सोडियमच्या दिव्यांचा प्रकाश मुख्यतः पिवळ्या-नारिंगी रंगाचा असतो, त्यामुळे व्हाइट बॅलन्स बदलून तो पूर्ण सुधारत नाही. पुण्याच्या मध्यवस्तीतून कोणत्याही सेटिंगने आकाशगंगा मिळणार नाही. तिथून ताऱ्यांच्या चापांचे फोटो मात्र छान येतात. ध्रुवतारा पुण्यात क्षितिजाच्या साडेअठरा अंश वर असतो. त्याच्याकडे कॅमेरा रोखून एफ/४, आयएसओ ४०० आणि २० सेकंदांच्या फ्रेम तासभर लागोपाठ काढाव्यात. तासाभरात प्रत्येक तारा १५ अंशांचा चाप काढतो. 'स्टारस्टॅक्स' हे मोफत सॉफ्टवेअर या फ्रेम जोडून देते. चापाची चमक ॲपर्चर आणि आयएसओवर ठरते, तर शटर छोटे ठेवल्याने शहराचा उजेड आटोक्यात राहतो. इथे लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन बंदच हवे. चालू असेल तर प्रत्येक फ्रेमनंतर कॅमेरा तेवढाच वेळ काळी फ्रेम घेत बसतो आणि चाप तुटक येतात.

काजव्यांकडे वळताना सगळ्यात आधी शटरबद्दलची सवय मोडावी लागते. काजवे मंद दिसले म्हणून वेळ १५ वरून ३० सेकंद केला तर काजवे तितकेच मंद राहतात, त्यांची संख्या वाढते आणि मागचे आकाश मात्र दुप्पट उजळते. काजवा उजळ हवा असेल तर ॲपर्चर किंवा आयएसओच वाढवावा लागतो. म्हणून इथे किट लेन्स बाजूला ठेवावी आणि ५० मिमी एफ/२ वर लावावी. एफ/३.५ च्या तुलनेत प्रत्येक चमक तिप्पट प्रकाश देते. आयएसओ १६०० आणि १५ सेकंद यापासून सुरुवात करावी. फार दाट झाडीत आयएसओ ३२०० पर्यंत जावे.

जागा उजेड असतानाच निवडावी. भंडारदरा-घाटघर भागात हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर काजवे गर्दी करतात, आणि नेमके झाड गावातल्या माणसाइतके कोणालाच ठाऊक नसते. ट्रायपॉड रोवून झाडावर फोकस करावा आणि कडी चिकटवून टाकावी. ५० मिमी एफ/२ वर दहा मीटरवरच्या झाडाला फोकस केला तर साधारण साडेआठ ते बारा मीटरमधलेच काजवे टोकदार येतात. त्याच्या अलीकडे उडणारे काजवे मऊ गोल चकत्यांसारखे उमटतात. थोड्या चकत्यांनी चित्राला खोली येते, पण लेन्सच्या पुढ्यातच झुडूप असेल तर त्या सगळे चित्र व्यापतात, म्हणून पुढची जागा मोकळी ठेवावी. संधिप्रकाशात आयएसओ २०० वर झाडाची एक पायाभूत फ्रेम काढावी आणि त्यानंतर कॅमेऱ्याला धक्का लागू देऊ नये. पूर्ण अंधार झाला की १५ सेकंदांच्या फ्रेम एका सेकंदाच्या अंतराने घेत राहाव्यात आणि घरी 'लाइटन' पद्धतीने (प्रत्येक जागी सगळ्या फ्रेममधला सर्वांत उजळ पिक्सेल ठेवून) एकमेकींवर जोडाव्यात. इथे सरासरी चालत नाही. एका फ्रेममध्ये असलेली आणि बाकीच्यांत नसलेली चमक सरासरीत विरून जाते.

किती फ्रेम जोडाव्यात हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. दोन तासांच्या फ्रेम एकत्र केल्या तर झाड सोन्याने मढवल्यासारखे दिसते, पण त्या झाडाखाली उभे राहिलेल्या कोणालाही तसे दृश्य दिसलेले नसते. पंधरा-वीस मिनिटांच्या फ्रेम पुरेशा होतात, आणि फोटो दाखवताना तो किती फ्रेमचा आहे हे सोबत लिहावे. काजव्यांचे लुकलुकणे हा जोडीदार शोधण्याचा संकेत असतो आणि टॉर्च, फ्लॅश किंवा गाडीच्या दिव्याने तो विस्कटतो. सगळी मांडणी उजेडात करून घ्यावी, अडलेच तर मंद लाल दिवा जमिनीकडे धरून वापरावा, कॅमेऱ्याचा फोकस-साहाय्य दिवा मेनूतून बंद करावा आणि पडद्यावर कापड टाकावे. हा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तेव्हा वनखात्याने ठरवलेली वेळ आणि वाट सोडू नये. झाडाखालच्या गवतातही काजवे असतात, म्हणून चांगल्या कोनासाठी तिथे शिरणेही टाळावे.

हाच विचार इतरत्र लावला की आकडे आपोआप सुचतात. दिवाळीतला आकाशात फुटणारा फटाका क्षणिक पण अतिशय तेजस्वी, म्हणून आयएसओ १००, एफ/८ ते एफ/११, आणि एका फ्रेममध्ये किती फटाके हवेत त्यानुसार दोन ते सहा सेकंद. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची इमारत स्थिर, म्हणून सूर्यास्तानंतर वीस-पंचवीस मिनिटांनी, आकाशात निळाई असताना, आयएसओ १०० आणि एफ/८ वर काही सेकंद. समोरून जाणाऱ्या गाड्यांचे दिवे सरकत्या ताऱ्यांसारखे वागतात, त्यांच्या रेघांची चमक ॲपर्चर ठरवते आणि लांबी शटर. चंद्र हा तर उन्हात उभा असलेला खडक आहे. पौर्णिमेच्या सुमारास आयएसओ १००, एफ/११ आणि सेकंदाचा शंभरावा भाग एवढ्यात त्याचा पृष्ठभाग स्पष्ट येतो.

लेन्सबद्दल शेवटी सांगतो. काजव्यांसाठी आपल्याकडची ५० मिमी पुरेशी आहे, तिथे खर्चाची गरज नाही. आकाशगंगेसाठी १४ ते १६ मिमी आणि एफ/२.८ किंवा त्याहून उघडी लेन्स जरूर फरक पाडते, पण ती विकत घेण्याआधी पुण्यात दोन-तीन दिवसांसाठी भाड्याने घेऊन पाहावी. मेच्या सहलीसाठी तेवढे पुष्कळ झाले. हातात पैसे असतील तर ते आधी वाऱ्यात न थरथरणाऱ्या ट्रायपॉडवर, ठरावीक अंतराने फोटो घेणाऱ्या रिमोटवर आणि दोन जादा बॅटऱ्यांवर घालावेत. जूनच्या दमट रात्री लेन्सच्या काचेवर बाष्प धरते, त्यासाठी पॉवर बँकेवर चालणारी, लेन्सभोवती गुंडाळायची गरम पट्टीही सोबत घ्यावी आणि ती बाष्प धरल्यानंतर नव्हे, तर पहिल्या फ्रेमच्या आधीच चालू करावी.